मोटर अडीचशेची, दार साडेपाच हजारांचं

मंडळी, आजचा विषय गाडीच्या दाराचा. म्हणजे दारातल्या त्या छोट्या मोटरचा, जी रिमोटचं बटण दाबलं की 'खटॅक' करते. पुस्तकात तिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात. बाजारात 'सेंट्रल लॉकची मोटर' म्हटलं की दुकानदार डबा काढून पुढे ठेवतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नसेल त्यांचा शनिवार मोकळा. :) दाराचं लॉक चालेना की अख्खं लॉक बदलायचं, ही जी पद्धत आता सगळीकडे रूढ झाली आहे, तिला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही. दुरुस्ती म्हणजे नेमकं काय बिघडलं ते आधी शोधणं आणि मग तेवढंच बदलणं. आणि ते जमावं म्हणून आतली मोटर सुटी विकत मिळाली पाहिजे आणि ती ज्या डबीत बसते ती डबी स्क्रूने उघडली पाहिजे. बस, एवढंच. पण या एवढ्याशा मागणीच्या आड बरंच काही दडलेलं आहे.

आधी आत काय असतं ते पाहू. दारात दोन वेगळी कामं चालतात आणि आपण दोघांना मिळून 'लॉक' म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. पहिलं काम लॅचचं. गाडीच्या खांबावर एक लोखंडी कडी असते, दार लावलं की लॅचचा दात तिला पकडतो. हे काम शुद्ध लोखंडाचं. वळणावर, खड्ड्यात, अपघातात दार उघडू नये ही त्याची जबाबदारी. दुसरं काम कुलपाचं. कुलूप लागलं म्हणजे काय, तर हँडल ओढलं तरी ते ओढणं लॅचपर्यंत पोचू नये. मध्ये एक छोटी पट्टी सरकवली की झालं. ही पट्टी हाताने, किल्लीने किंवा मोटरने सरकते. मोटरचं काम एवढंच, पट्टी इकडे किंवा तिकडे करणं.

ही मोटर म्हणजे बारा व्होल्टची साधी डीसी मोटर, खेळण्यातल्या गाडीत असते तिचीच थोरली बहीण. तिच्या टोकाला नायलॉनची चक्रं, वेग कमी करून जोर वाढवायला. वायरी दोनच. एका वायरीला प्लस दिला की लॉक, दुसरीला दिला की अनलॉक. विजेची दिशा उलटी, फिरणं उलटं. हा झटका साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो, तेवढ्यात काम झालं पाहिजे. बाहेरून बसवायच्या संचात ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच वायरी येतात, कारण तिच्यात एक स्विचही असतो. मालकाने हे दार लॉक केलं, तुम्हीही करा, असा निरोप बाकीच्या तिघांना तिथून जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर एक मास्टर, तीन स्लेव्ह.

आता बिघाड. गंमत अशी की बिघाड बोलतो, आपण ऐकत नाही. चारही दारं एकदम गप्प झाली तर मोटरला दोष देऊ नका. चार मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. फ्यूज, रिले किंवा ड्रायव्हरच्या दारातला तो निरोप देणारा स्विच बघायचा. एकच दार गप्प असेल आणि आवाजच येत नसेल, तर आधी वायर बघायची. आवाज येतो पण पट्टी सरकत नाही, तर चक्राचे दात गेले किंवा दांडी सुटली. आवाज क्षीण येतो, कधी चालतं कधी नाही, दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, तर मोटर थकली. आणि दार लॉक होऊन लगेच आपोआप अनलॉक होत असेल, तर बऱ्याचदा एखादा स्विच चुकीची खबर देतोय. दार उघडंच आहे असं गाडीला वाटतंय.

मोटर थकते म्हणजे तरी काय? आतले कार्बन ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटी तांब्याच्या पट्ट्यांवर बसते. यातल्या बऱ्याच मोटरींमध्ये एक छोटी चकतीही असते. मोटर अडकून तापली की चकतीचा रोध वाढतो आणि वीज कमी होते, म्हणजे मोटर जळत नाही. चांगली सोय आहे. पण जुनी झाल्यावर चकतीचा रोध थंड असतानाही वाढलेलाच राहतो, आणि मोटरला पुरेशी ताकदच मिळत नाही. म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेला पहारेकरीच म्हातारपणी घरच्यांना आत येऊ देत नाही! (काही लोक ही चकती काढून थेट तार जोडतात. मोटर लगेच ठणठणीत होते हे खरं, पण पुढे रिले चिकटला तर ती तापून वितळायला काही अडवणारं उरत नाही. नवी मोटर घालावी हे बरं.)

हे सगळं इतकं तपशीलवार सांगतोय, कारण या यादीतल्या एकाही बिघाडाचा लॅचच्या लोखंडाशी संबंध नाही. तरीही उपाय मात्र एकच सुचवला जातो, लॅचसकट आख्खी असेंब्ली नवी घाला.

आता चिचगडला येऊ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोंदिया जिल्हा, देवरी तालुका. देवरी महामार्गावर आहे. नागपूर-रायपूरचा रस्ता, पूर्वी सहा नंबरचा, आता ५३. तिथून आत वळलं की जंगल, धानाची शेती आणि मग चिचगड. पलीकडे एका बाजूला गडचिरोली जिल्हा, एका बाजूला छत्तीसगड. गाडी कंपनीची मोठी सर्व्हिस सेंटरं गोंदियाला किंवा नागपूरला. नागपूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि डिझेल वेगळं. आणि हवा अशी की दारातल्या मोटरला सासुरवासच. उन्हाळ्यात बंद गाडी भट्टी होते, पावसाळ्यात चार महिने ओल, उरलेल्या दिवसांत धूळ. इथल्या मोटरी पुण्या-मुंबईच्या आधी थकत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आमच्या घरची गाडी तिथे असते. दहा वर्षांची हॅचबॅक. तिची दोन दारं एकाच मोसमात बिघडली. पुढचं डावं एकदम गप्प. मागचं उजवं मरगळलेलं, मनात आलं तर उघडणार. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. (नाव देत नाही. मुद्दा एका सेंटरचा नाहीच.) दार न उघडता, पाच मिनिटांत निदान झालं: दोन्ही लॉक असेंब्ली बदलाव्या लागतील. प्रत्येकी साडेपाच हजार, मजुरी वेगळी, माल यायला आठवडा. 'फक्त मोटर नाही का मिळणार?' असं विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने अतिशय नम्रपणे कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यात मोटरला पार्ट नंबरच नव्हता. त्याचा काही दोष नाही. ज्या वस्तूला नंबर नाही ती वस्तू त्याच्या जगात अस्तित्वातच नाही. डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच कळलं. :)

चिचगडला एक मिस्त्री आहेत, ऑटो इलेक्ट्रिशियन. ट्रॅक्टरचे सेल्फ, मोटारसायकलचं वायरिंग, शेतातल्या पंपाचे स्टार्टर, काहीही आणा. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, अख्खं लॉक कायले बदलवता? आधी पाहू तर द्या बिमारी काय हाये ते."

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? दार उघडून, दार आणि खांबाच्या मधली ती रबराची नळी ओढून काढली. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. विचार करा, दिवसातून दहा वेळा दार उघडलं-लावलं तर वर्षाला साडेतीन हजारांच्या वर वेळा या वायरी त्याच जागी वाकतात. दहा वर्षांत पस्तीस हजारांच्या वर. तांबं किती सोसणार? आत एक निळी वायर तुटलेली होती, वरचं आवरण मात्र शाबूत. बाहेरून बघून कधीच कळलं नसतं. वीतभर नवी लवचिक वायर मध्ये घालून, दोन्ही टोकांना डाग देऊन, वर स्लीव्ह चढवली, आणि जोड वाकण्याच्या जागी येणार नाही अशा बेताने आत सरकवला. पुढचं डावं दार 'खटॅक'. साडेपाच हजारांची असेंब्ली तिथे आणून बसवली असती तरी दार गप्पच राहिलं असतं. हे वाक्य मी मुद्दाम परत वाचायला सांगेन.

मागच्या दारात मात्र मोटरच गेली होती. ते त्यांनी कसं ठरवलं तेही सांगतो, कारण खरं कौशल्य तिथेच आहे. मोटरचा कनेक्टर काढून त्यात टेस्ट लॅम्प लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. दिवा लख्ख चमकून विझला. म्हणजे वीज इथपर्यंत येतेय. डिजिटल मीटर असून दिवाच का, असं विचारलं तर म्हणाले, झटका एवढा छोटा असतो की मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो संपतो. शिवाय तुटत आलेल्या वायरीतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण दिवा लख्ख लागायला खरी वीज वाहावी लागते. आम्ही याला लोड टेस्टिंग म्हणतो आणि त्याच्या कार्यशाळा भरवतो.

पुढचं काम तासाभराचं. ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी क्रम देतो. काच पूर्ण वर. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली, कारण काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे सेन्सर असतात. हँडलच्या खाचेतल्या छोट्या झाकणामागचे स्क्रू काढायचे, मग दाराचं पॅड खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने उचकायचं. लोखंडी पेचकसाने उचकलं की क्लिपा तुटतात आणि मग दार आयुष्यभर खुळखुळतं. पॅडच्या मागे काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो फाडायचा नाही, हळू सोडवायचा. काचेवरून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते पाणी पॅडमध्ये आणि पायाखालच्या गालिच्यात येऊ नये म्हणून तो कागद. काम झाल्यावर तो फाटका किंवा अर्धवट चिकटलेला राहिला तर गोंदियाच्या पावसात गाडीत तळं होतं. मग दाराच्या कडेचे तीन स्क्रू सोडवून, दांड्यांच्या क्लिपा फिरवून लॉक बाहेर.

आणि इथे खरी मेख. मोटर ज्या डबीत होती ती डबी स्क्रूची नव्हती. प्लास्टिक वितळवून कायमची चिकटवलेली. मिस्त्रींनी कडेकडेने पातळ पात्याने कापून ती उघडली. आत मोटर, तिच्या दांड्यावर पितळी वर्म, बाजूला नायलॉनचं चक्र. चक्राचे दात शाबूत. तशाच मापाची मोटर त्यांच्याकडच्या डब्यात होती, अडीचशे रुपयांची. जुन्या दांड्यावरून वर्म काढून नव्या दांड्यावर बसवला, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून नवं लावलं, डबी बंद करून कडा सील केल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. दार उघडंच ठेवून पेचकसाने लॅचचा दात दाबून 'बंद' केला, दहा-बारा वेळा रिमोटने लॉक-अनलॉक केलं, आतून हँडल, बाहेरून हँडल, किल्ली, सगळं तपासलं, आणि मगच दार लावलं. कारण आत काही चुकलं असेल आणि दार लावून बसलात, तर तेच दार उघडायला पॅड काढावं लागतं आणि पॅड काढायला दार उघडावं लागतं. आमच्याकडे सर्व्हरची फायरवॉल बदलणाऱ्यांना हा प्रसंग चांगलाच ठाऊक आहे.

असो. आता दुसरी बाजू. ती नाही असं नाही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. लॅच हा जिवाशी खेळ आहे, रस्त्यावरच्या कारागिराने तो उघडू नये. अगदी मान्य! मी तर पुढे जाऊन म्हणतो, लॅचच्या लोखंडाला कंपनीशिवाय कुणीच हात लावू नये. पण म्हणूनच तर लॅच आणि मोटर वेगळे हवेत. दोन्ही एकाच न उघडणाऱ्या डबीत कोंबले की मोटर बदलण्यासाठीसुद्धा लोकांना लॅचपाशी पातं घेऊन जावं लागतं. जे काम धोक्याचं नव्हतं ते डबीच्या रचनेने धोक्याचं केलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच शिकतो की जे रोज बदलतं ते आणि जे कधीच बदलू नये ते एकाच मॉड्यूलमध्ये ठेवू नका.

दुसरा आक्षेप पाणी-धुळीचा. सीलबंद डबी जास्त टिकते. असेल. पण रबरी गास्केट आणि चार स्क्रू यांनीही डबी सील होते. गाडीच्या हेडलाइटमध्ये पाणी जाऊ नये अशीच अपेक्षा असते, तरी मागचं रबरी झाकण काढून बल्ब बदलता येत होताच ना इतकी वर्षं?

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. शहरात कारागिराचा तास महाग आहे. निदानात दोन तास घालवण्यापेक्षा भाग बदलून गाडी मोकळी केलेली परवडते. खरं आहे. ज्याला परवडतं त्याने जरूर असेंब्ली घालावी. पण पर्याय असू द्या. चिचगडला माणसाचा तास स्वस्त आहे आणि आठवडाभर गाडी बंद ठेवणं महाग आहे. एकच दरपत्रक दोन्ही ठिकाणी चालवलं की भुर्दंड नेहमी लांबच्या गावाला बसतो.

हा नुसता माझा वैताग आहे असंही नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली, कोर्टकज्जे झाले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये गाड्यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही घेतली. त्या वर्षाच्या डिसेंबरात पोर्टलही आलं. चांगलंच झालं. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचा फोन नंबर मिळणं वेगळं आणि मोटरला पार्ट नंबर मिळणं वेगळं. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, वस्तू उघडता येते का, यावर ते गुण. गाडी विकताना मायलेजचा आकडा सांगतात तसा हा आकडाही सांगितला तर? माझ्या गाडीच्या दाराला मी दहापैकी दोन देईन. तेही मिस्त्रींकडे बघून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा प्रश्न फक्त पैशांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. साडेपाच हजार ऐकून लोक काय करतात माहीत आहे? काहीच करत नाहीत. 'त्या दाराने उतरू नका, इकडून या' असं म्हणून वर्षानुवर्षं गाडी चालवतात. तुम्हीही असल्या गाडीत बसला असाल. चिचगडसारख्या गावात घरची गाडी एकट्या घराची नसते. रात्री-अपरात्री शेजारच्या बाईला दिवस भरले म्हणून देवरीला, कुणाला छातीत दुखतंय म्हणून गोंदियाला तीच जाते. गाडी नाल्यात घसरली, वायरिंगने पेट घेतला, किंवा लहान मूल उन्हात आत अडकलं, तर ते न उघडणारं चौथं दार हे नुसतं गैरसोयीचं दार राहत नाही. सरकारलाही हे पटलंय. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सेंट्रल लॉक वीज गेली तरी हाताने उघडता आलं पाहिजे असा नियम लागू झाला. पण नियम नव्या गाडीच्या पहिल्या दिवसाचा आहे. दहाव्या वर्षी ते दार उघडतं की नाही, हे सुटा भाग परवडतो की नाही यावर ठरतं. सुरक्षितता विकली जाते शोरूममध्ये, पण टिकते ती मिस्त्रीच्या टपरीत.

तेव्हा एक काम करा. या रविवारी आपल्या गाडीत चारही जागांवर एकेकदा बसा, दार लॉक करा आणि बटण न वापरता आतून हाताने उघडून बघा. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खिटी असते, ती कुठल्या बाजूला आहे तेही बघून ठेवा. एखादं दार कुरकुरत असेल तर असेंब्ली मागवण्याआधी विचारा, वीज मोटरपर्यंत येते का ते तपासलं का? रबराची नळी उघडून बघितली का? विचारायला पैसे पडत नाहीत. आणि पुढची गाडी घेताना विक्रेत्याला टचस्क्रीन किती इंचाचा आहे ते विचारून झालं की हेही विचारा, की दारातली मोटर सुटी मिळते का? त्याला उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे. पण दहा जणांनी विचारलं तर अकराव्या वेळी तो वर कुणाला तरी विचारेल.

ता. क.: मिस्त्रींनी दोन्ही दारांचे मिळून सातशे रुपये घेतले, मोटर धरून. जुनी मोटर त्यांनी ठेवून घेतली. "ब्रश घासून पाह्यतो, कोनाच्या तरी कामी येईल," म्हणाले.